लाईन क्लिअर

भावाचा फोन आला तेव्हा मी चष्म्याची काडी बसवून घ्यायला बाजारात गेलो होतो. "दादा, भिंतीत घंटा वाजते. येऊन जा." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. तिथूनच माझा वैताग सुरू झाला. पाडलेल्या स्टेशनच्या जागेवर घर बांधू नकोस, असं मी त्याला कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण ऐकेल तर तो माझा धाकटा भाऊ कसला?

त्या स्टेशनचा मी शेवटचा मास्तर. गाडी बंद झाली, रूळ उचलून नेले. मग डेअरी गेली, पोस्ट गेलं, शाळा ओस पडली. गाडी परत सुरू करा म्हणून मी अर्जांवर अर्ज केले आणि शेवटी हात टेकले. उरलेल्या दहा घरांत एक भावाचं, तेही नेमकं रुळांच्या जागी.

"तीन आठवडे झाले, भावजी," भावाची बायको, आमची धाकटी, म्हणाली. "रोज संध्याकाळी साडेपाचला. वायरमनने सगळ्या वायरी उपसून पाहिल्या. मला इथे नाही राहायचं आता."

"घंटेला घाबरून घर सोडायचं?" भाऊ म्हणाला.

साडेपाचला मधल्या खोलीच्या भिंतीत घंटा वाजली. ओल्या कोळशाचा वास सुटला. स्टेशनं एकमेकांशी टोल्यांनी बोलतात, त्यामुळे मला ती खूण लगेच कळली... मागच्या स्टेशनचा मास्तर विचारत होता, लाईन मोकळी आहे का, गाडी सोडू का? ते स्टेशन तर आमच्याही आधी पाडलं होतं.

घंटा थांबेना. धाकटी कान झाकून रडायला लागली, भाऊ भिंतीवर खेकसायला लागला. माझं डोकं उठलं. तीस वर्षांची सवय. रागाच्या भरात मी भिंतीवर उत्तर ठोकलं.

घंटा गप्प झाली. "एवढंच होतं होय?" भाऊ हसला.

"अरे... मी हो म्हणालो. लाईन क्लिअर दिली मी."

नकाराचीही खूण होती. ती मला सुचलीच नाही. तेवढ्यात भिंतीत दोन टोले पडले. म्हणजे गाडी सुटली. तिथून इथवर अकरा मिनिटं.

धाकटीला मी अंगणात आणलं. भाऊ हलेना. "रूळच नाहीत, गाडी काय हवेतून येणार?" मी त्याला ओढलं, शिव्या दिल्या, हातापाया पडलो. त्याने मला खोलीबाहेर ढकलून आतून कडी लावली.

अकरा मिनिटं झाली. गाडी दिसली नाही, आवाजही नाही. खिडक्यांच्या काचा तेवढ्या बराच वेळ थरथरत होत्या... दार तोडलं तर खोली रिकामी. तिला दुसरं दार नाही आणि खिडकीला गज आहेत.

पोलीस येऊन गेले. मी अजून इथेच आहे. गाडी पोचली की मागच्या स्टेशनला तसं कळवायचं असतं. तोवर त्यांना दुसरी सोडता येत नाही. रोज साडेपाचला भिंतीतून विचारणा होते, पोचली का?

"हो म्हणा ना, भावजी," धाकटी हळूच म्हणते. "पोचली म्हटलं तर... उतरतील ते."

मी मूठ उचलतो आणि खाली घेतो. हो म्हटलं की पुढची सुटणार. नाही म्हटलं तर भाऊ कुठे अडकून राहणार, देव जाणे. स्वतःचाच इतका संताप येतो की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं, पण तिथे तेही करायची सोय नाही, तोही टोलाच धरला जायचा.

परवापासून उरलेल्या घरांतली माणसं सव्वापाचलाच अंगणात येऊन उभी राहतात. हातात ट्रंका, वळकट्या. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर माझ्यावरच चिडतात.

"मास्तर, आज तरी वेळेवर आहे ना?"