उजवी सीट

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हायची फेब्रुवारीची दुपार, म्हणजे दिवस उगवला की नाही असा प्रश्न पडावा. यतीननं बुटांवरचा बर्फ झाडला, पाकीट मागच्या खिशात कोंबलं आणि सीटचा आकार टिपणारा स्कॅनर सुरू केला. त्याच्या बायकोला, हिमानीला, जाऊन आठ महिने झाले होते. तो जेवत होता, झोपत होता, ईमेलला उत्तरं देत होता. रडू मात्र एकदाही आलं नव्हतं. किती छान सावरलाय, असं लोक म्हणायचे. सावरला कसला, बधिर झाला होता.

काम साधं होतं: वर्कशॉपच्या हॉलमध्ये उभ्या असलेल्या गाडीची सीट नव्या मालकाच्या मापाची करायची. इटलीतल्या एका छोट्या कारखान्यानं अशा अठराच गाड्या बनवल्या होत्या. डिझाइनची गंमत अशी की सांगाडा आणि सीट एकसंध, आणि ड्रायव्हरच्या सीटचं मऊ भरण पहिल्या मालकाच्या अंगाबरहुकूम घडवलेलं. तो मालक आडदांड होता, नवा मालक काटकुळा. उद्या सगळं भरण खरवडून काढायचं होतं, म्हणून आज दोन्ही सीट्सची मापं. उजव्या सीटवर तर आजवर कुणी बसलंच नव्हतं. तिचं कारखान्यातलं प्लास्टिक यतीननंच सकाळी काढलं होतं.

स्क्रीनवर चित्र उमटलं. डावीकडे आडदांड माणसाचा भलामोठा खळगा. उजवीकडेही एक खळगा होता, लहानसा. एक पाय खाली सोडलेला, दुसऱ्याची घडी अंगाखाली.

“अंकुर, उजवीकडे कुणी बसलं होतं का रे?”

“वेडा आहेस का यार? आत बसायला अलाउडच नाहीये. परत स्कॅन कर,” असं म्हणत त्याचा सहकारी कॉफी आणायला गेला.

हिमानी अशीच बसायची. यतीन म्हणायचा, “पाय खाली घे गं.” ती म्हणायची, “आधी तू ते पाकीट काढ खिशातून, कंबर वाकडी होईल.” गाडी सुरू झाली की हे ठरलेलंच. जूनमध्ये ओहायोला जाताना मात्र दोघांचा अबोला होता. कुणीच काही म्हटलं नाही. समोरून ट्रक आला. पाय खाली असते तर कदाचित वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले होते.

हॉलमध्ये आता हीटरची घरघर तेवढी उरली होती. चामड्याच्या कोऱ्या वासात कुठूनसा हिमानीच्या केसांच्या जास्वंदीच्या तेलाचा वास मिसळला. घाबरायला हवं, हे यतीनला कळत होतं. पण भीतीही वाटेना. तो गाडीच्या उघड्या दारापाशी वाकला.

“हिमानी... पाय खाली घे गं.”

मग त्यानं पुन्हा स्कॅन केला.

उजव्या सीटवर दोन्ही मांड्या शेजारी शेजारी, सरळ. दोन्ही पाय खाली.

आठ महिन्यांचं रडू एकदम फुटलं. टेबलाची कड धरून तो लहान मुलासारखा हमसाहमशी रडला. बऱ्याच वेळानं डोळे पुसले, तेव्हा त्याची नजर स्क्रीनच्या डाव्या बाजूला गेली.

आडदांड माणसाचा खळगा तिथे नव्हता. त्या जागी अरुंद पाठ होती, डावा खांदा किंचित उतरलेला. यतीनचा होता तसाच. कमरेखाली त्या खळग्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या, पाकिटाचा उंचवटा कुठेच नव्हता.

त्यानं मागच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.