खोडलेला सूर

नव्या तारा चढवलेलं व्हायोलिन दुकानदारकाकांनी तिच्या हातात दिलं, आणि तिची बोटं आपसूक एक धून वाजवू लागली. दारात छत्री मिटणारा तरुण जागीच थबकला.

"ही धून... ही तर माझी आहे. तुम्हाला कुठे मिळाली?"

"पत्रातून आली," ती सहज म्हणाली आणि तिनं जीभ चावली. हाच तो हट्टी संगीतकार!

तिशीही न ओलांडलेल्या तिला सारं शहर 'बाई' म्हणे. वार्षिक मैफलीत कोणाची रचना वाजणार, हे बाईंच्या शब्दावर ठरे. परगावचा हा संगीतकार वर्षभर तिला एकच रचना टपालानं पाठवत होता. दर वेळी ती एक सूर लाल पेन्सिलीनं खोडून लिही, 'फार हळवा आहे.' तो तोच सूर परत मांडून कळवी, 'म्हणून तर आहे.' टपाल चुकलं की तिचं कशात लक्ष लागत नसे, पण हे तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं.

"मला वाटलं, बाई साठीच्या तरी असतील," तो म्हणाला.

"आणि मला वाटलं, तुम्हाला टक्कल असेल."

"पण तो खोडलेला सूर... आत्ता तुम्ही वाजवलात."

ती कानापर्यंत लाल झाली. काका उगाच काच पुसू लागले.

"बोटांचं काय मनावर घ्यायचं..."

"मी तर घेतलं बुवा."

पंचाईत अशी, की कालच तिनं समितीपुढे ती रचना नापास केली होती. आपला शब्द मागे घ्यायचा? आजवर असं कधी झालं नव्हतं. रात्रभर ती स्वतःशी भांडली आणि सकाळी समितीपुढे उभी राहिली. "माझं चुकलं. रचना वाजेल, त्या सुरासकट."

मैफलीत तो सूर आला, तेव्हा सभागृह श्वास रोखून बसलं होतं. शेवटी सगळे उभे राहिले, टाळ्या थांबेनात. सर्वांत आधी उठली होती ती. तो मंचावरून उतरून थेट तिच्यासमोर आला.

"आता खोडाल?"

"नाही. पण उद्यापासून पत्रं बंद."

त्याचा चेहरा पडला.

"इतक्या लांबून भांडायचा मला कंटाळा आलाय," ती म्हणाली. "समोर बसून भांडू या. रोज."

"रोज म्हणजे... किती दिवस?"

तिनं पर्समधली लाल पेन्सिल काढून त्याच्या हातावर ठेवली.

"'किती दिवस' खोडा," ती हळूच म्हणाली, "आणि 'आयुष्यभर' लिहा."