‘सातवी रांग’ कोण लिहितं?

“माझा नवरा एक अक्षर लिहू शकत नाही. आणि तरी गेले तीन आठवडे तो लिहितोय,” व्हर्ना स्टोल्ट्झ म्हणाली आणि हातमोजे न काढताच खुर्चीत बसली.

कॉफी ओतणाऱ्या मर्ल हॅकेटचा हात थांबला. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून तो निवृत्त झाला होता. बायको गेल्यापासून सकाळ झाली की तो मेव्हणीच्या ऑफिसात येऊन बसे. मेव्हणी ओडेसा रड. खोटे विमादावे हुडकण्यात तिने उमेदीची वर्षं घालवली होती आणि आता न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत खासगी तपासाची स्वतःची पाटी लावली होती. बर्फात गाडी चालवायला ती नाखूश असे. ते काम मर्लचं.

“सावकाश सांग,” ओडेसा म्हणाली.

सांगण्यासारखं मर्लला बरंचसं ठाऊकच होतं. इंडियानातल्या त्या लहानशा केलर्सबर्गमध्ये लोरेन स्टोल्ट्झला न ओळखणारा माणूस नव्हता. टॅल्बट कॉलेजच्या बास्केटबॉलचा घरचा सामना त्याने एकेचाळीस वर्षांत चुकवला नव्हता. जुन्या स्टेडियमला सारं गाव लाडाने ‘गोठा’ म्हणे. तिथे सातव्या रांगेत नवराबायकोच्या दोन जागा ठरलेल्या. गोठा पाडून गिरणीच्या रस्त्यावर नवं स्टेडियम बांधायचा आराखडा कॉलेजने आणला, तेव्हा ‘गोठा वाचवा’ ही पहिली पाटी लोरेनने आपल्या अंगणात रोवली. मग ऑक्टोबरात त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि बोलणं कुणाला उमजेनासं झालं.

“चाहत्यांचं ते पान आहे ना, कॉम्प्युटरवरचं,” व्हर्ना सांगत होती. “तिथे तो ‘सातवी रांग’ या नावाने लिहायचा. झटक्यानंतर ते नाव गप्प झालं. जानेवारीत पुन्हा बोलायला लागलं. आणि बोलतंय काय, तर गोठा जाऊ दे, नवं स्टेडियम होऊ दे.”

“गावाला काय वाटतं?”

“मीच लिहिते असं. वेंडेल क्रीगच्या माणसांनी माझ्या दारात लाकडी उतरण बांधून दिली. लोरेन शुश्रूषागृहातून घरी आला की चाकाची खुर्ची वर यावी म्हणून. एक डॉलर घेतला नाही. वेंडेलला नव्या स्टेडियमचं काँक्रीटचं काम हवंय. लोकांना एवढं पुरलं.” तिने हातमोजे ओढून काढले. “काल डायनरमध्ये मी बसले, तर शेजारची बाई आपला कप उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. मंगळवारी नगर परिषदेत मतदान आहे. त्याआधी मला नाव हवंय.”

“पासवर्ड कोणाला ठाऊक?”

“घरी कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवलीय. लोरेन पडला त्या आठवड्यात जेवणाची भांडी घेऊन अर्धं गाव येऊन गेलं. पण त्या टेबलापाशी बसले दोघंच. वेंडेल आणि आर्लो योस्ट.”

लिहिलेलं सगळं व्हर्नाने कागदावर छापून आणलं होतं. ओडेसाने अर्धे कागद मर्लकडे सरकवले. तो ओठ हलवत वाचू लागला. ‘गोठ्यात बावीस पायऱ्या. डाव्या हाताला धरायला काही नाही. माणसाने चढायचं कसं.’ दुसऱ्या कागदावर कालची, गुरुवारची नोंद होती. ‘बुधवारी ६८-६७. शेवटी टेरेल बूनने बास्केट केली म्हणून वाचलो. असा खेळ सगळ्यांना बघता यावा.’ वेळ, दुपारचे दोन वीस. आधीच्या नोंदींच्या वेळा दोन एक्केचाळीस, दोन पंधरा, दोन चाळीस अशा. शनिवार-रविवारची एकही नोंद नव्हती.

“एकही कॅपिटल अक्षर नाही,” ओडेसा म्हणाली. “माणसांची नावंसुद्धा लहान अक्षरांत.”

“म्हणून तर म्हणते,” व्हर्ना म्हणाली. “लोरेनने शाळेत सव्वीस वर्षं भाषा शिकवली. असलं लिहिणाऱ्या पोरांचे तो गुण कापायचा.”

*

आर्लो योस्ट गोठ्यात सापडला. चाहत्यांचं पान तोच सांभाळी आणि प्रत्येक सामन्याचे आकडे वहीत टिपून ठेवी. तो वरच्या कोपऱ्यात बसला होता. मर्लचे गुडघे कुरकुरत होते. उजवीकडच्या भिंतीचा लोखंडी कठडा घट्ट धरत तो पायऱ्या चढला आणि वर पोचल्यावर धापा टाकत बसला.

“तू लोरेनचा दोस्त,” ओडेसाने सुरुवात केली.

“शाळेपासूनचा. आणि गोठा पाडायला माझा विरोध आहे, हे पण लिहून घे. दोस्ताच्या नावाने मी उलटं कशाला लिहीन?”

“कोणी कुठून लिहिलं, हे तुला कळतं ना?”

“ते पान पुतण्याने बनवून दिलं. तो आता अलास्कात. मला फक्त पुसता येतं.”

“काय पुसतोस?”

आर्लोने वही मिटली. “लोक व्हर्नाबद्दल घाण लिहितात. दिसलं की पुसतो. त्या पानावर तिच्याविरुद्ध एक शब्द कुणाला वाचायला मिळणार नाही.”

“म्हणजे तुझा तिच्यावर संशय नाही.”

“आहे. म्हणूनच पुसतो. लोरेनची बायको आहे ती.”

मर्लला आर्लो आवडला, आणि आवडला म्हणूनच थोडा संशयही आला. ओडेसाने बुधवारच्या सामन्याची नोंद त्याच्यापुढे धरली.

“बून?” आर्लो कुत्सित हसला. “शेवटची बास्केट इव्हान मॅटॉकची. मॅटॉकचा नंबर एकवीस, बूनचा बारा. रेडिओवर सामना सांगणाऱ्या म्हाताऱ्या ह्यूबर्टला हल्ली धड दिसत नाही. त्याने उलट सांगितलं. इथे दोन हजार माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. व्हर्ना माझ्या पुढेच होती, मॅटॉकचं नाव घेऊन ओरडत होती.”

“टीव्हीवर होता सामना?”

“आमचा? कोण दाखवतो.”

“वर्तमानपत्रात?”

“आमचं पत्र आठवड्याला एकदा, शनिवारी निघतं.”

*

वेंडेल क्रीग आपल्या आवारात काँक्रीटच्या गाडीखाली वाकून काहीतरी ठोकत होता. दारावरच त्याचं पत्रक चिकटवलेलं होतं. ‘सातवी रांगही म्हणते: नवं स्टेडियम हवं.’

“मी लिहिलं असतं तर माझ्याच नावाने लिहिलं असतं,” तो हात पुसत म्हणाला. “मला कुणाची भीती पडलीय? मला वाटलं, व्हर्ना लिहिते. आयतं मिळालं, छापलं.”

“तिला विचारलंस?”

“नाही विचारलं. विचारलं असतं आणि ती नाही म्हणाली असती, तर छापता आलं नसतं.”

“दारातली उतरण का बांधून दिलीस?”

वेंडेल ओशाळला. “स्टोल्ट्झ सरांनी मला दोनदा नापास केलं आणि तिसऱ्यांदा उन्हाळाभर घरी बसवून शिकवलं. ते मी कोणाला कशाला सांगू?”

“बुधवारचा सामना पाहिलास?”

“फोर्ट वेनहून परत येत होतो. पिकअपमध्ये रेडिओ लावला होता. बूनने काय बास्केट मारली.”

मर्लने ओडेसाचं कोपर दाबलं. तिने लक्ष दिलं नाही.

“गोठ्यात पायऱ्या किती, वेंडेल?”

“कोणी मोजल्यात? मी खालच्या दाराने जातो, कोर्टालगत बसतो. त्या पायऱ्या मी शाळा सोडल्यापासून चढलेलो नाही.”

गाडीत बसताच मर्ल म्हणाला, “झालं. बून म्हणणारा गावात हा एकटाच. रेडिओ ऐकला आणि पकडला गेला.”

“रेडिओ कोणीतरी ऐकला, इथवर बरोबर,” ओडेसा म्हणाली. “आता शुश्रूषागृहाकडे घे. पावणेदोन झालेत.”

*

लोरेन खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. व्हर्ना त्याच्या गुडघ्यांवर पांघरूण सारखं करत होती. शेजारच्या स्टुलावर एक जुना रेडिओ होता.

“बाहेरच्या टीव्हीवर दिवसभर स्वयंपाकाचे कार्यक्रम चालतात,” व्हर्ना म्हणाली. “म्हणून घरून हा आणून दिला. सामन्याच्या दिवशी मी इथेच बसते म्हटलं, तर मला दाराकडे ढकलतो. जा, बघून ये, असं.”

“तुला सगळं कळतं ना, लोरेन?” ओडेसाने विचारलं.

त्याने मान हलवली. काहीतरी बोलला. मर्लला त्यातला एकही शब्द लागला नाही.

“त्याच्यासमोर कधी पाटी-पेन्सिल ठेवलीस?” ओडेसाने व्हर्नाला विचारलं.

“पहिल्या आठवड्यात ठेवली होती. डाव्या हाताने दोन रेघोट्या ओढल्या आणि भिरकावून दिली. पुन्हा विचारायचं माझं धाडस झालं नाही.”

दोनच्या ठोक्याला व्यायाम करून घेणारी कॉरिन आली. “चला सर. सोमवार ते शुक्रवार सुट्टी नाही, ठाऊक आहे ना?”

“मी आत जात नाही,” व्हर्ना हळूच म्हणाली. “धडपडताना मी पाहिलेलं त्याला खपत नाही.”

व्यायामाच्या खोलीच्या दाराला काच होती. मर्लने डोकावून पाहिलं. धरून चालायच्या दांड्या, रबरी चेंडू, कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. कॉरिनने पुढे येऊन दार लावून घेतलं.

“पेशंटबद्दल मी काही सांगू शकत नाही,” ओडेसाने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली.

“तुला नाही विचारत, पोरी. तीन वाजता मला फक्त त्याच्याशी दहा मिनिटं बोलू दे. एकटीला.”

मर्लला गाडीत जाऊन बसायचा हुकूम झाला. इंजिन चालू ठेवून तो वेंडेलला कसं अडकवायचं याचा विचार करत राहिला. ओडेसा आली ती पुष्कळ उशिरा.

“सोमवारी दोन वाजता आर्लो, व्हर्ना आणि वेंडेल इथे हवेत,” ती म्हणाली. “व्यायामाच्या खोलीत.”

“वेंडेल येईल?”

“त्याला सांग, स्टोल्ट्झ सरांनी बोलावलंय.”

*

सोमवारी सगळे आले, पण एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. कॉरिनने लोरेनची खुर्ची आत आणली आणि ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

“मी जे सांगणार आहे, ते सांगायला मला परवानगी मिळालीय,” ओडेसा म्हणाली. “लिहिणाऱ्याने बूनचं नाव घेतलं. म्हणजे सामना त्याने रेडिओवर ऐकला. व्हर्ना आणि आर्लो गोठ्यात होते. दोघांनाही ठाऊक होतं की बास्केट मॅटॉकची.”

“म्हणजे वेंडेल,” आर्लो गुरकावला.

“मर्ललाही असंच वाटलं. पण वेंडेलला पायऱ्या किती ते माहीत नाही. लिहिणाऱ्याला माहीत आहेत. बावीस. शिवाय त्याची तक्रार आहे की डाव्या हाताला धरायला काही नाही. आर्लो, चाळीस वर्षांत ही तक्रार तू कोणाकडून ऐकलीस?”

आर्लो विचारात पडला. “नाही. उजवीकडे कठडा आहे ना.”

“उजवीकडे आहे. मर्ल तोच धरून चढला. मग तो कोणाला पुरत नाही?”

मर्लची नजर लोरेनच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे गेली.

“सगळ्या नोंदी दोन ते तीनच्या मधल्या,” ओडेसा पुढे म्हणाली. “शनिवार-रविवारी एकही नाही. कॉरिन पण त्या दोन दिवशी नसते. कॅपिटल अक्षर काढायला एक कळ दाबून ठेवून दुसरी दाबावी लागते. एका हाताने, तेही डाव्या, ते जड जातं. पासवर्ड कोणाला ठाऊक असं मी विचारलं, तेव्हा व्हर्ना, तू दोन नावं घेतलीस. ज्याचा पासवर्ड, त्याचं नाव घ्यायचं तुझ्याही मनात आलं नाही आणि माझ्याही.”

व्हर्ना नवऱ्याकडे बघत होती. त्याने मान खाली घातली होती.

“पेन्सिल त्याला जमली नाही. कीबोर्ड जमला,” ओडेसा म्हणाली. “बाकीचं त्याचं त्याला सांगू दे.”

कॉरिनने खुर्ची कॉम्प्युटरजवळ नेली. लोरेनची डावी तर्जनी एकेक कळ शोधत फिरू लागली. ओळ पुरी व्हायला पाच मिनिटं लागली. ओडेसाने ती वाचली.

“‘मी पुन्हा गोठ्यात जाऊ शकणार नाही. गोठ्यासाठी मीच गाव उठवलं. आता कसं सांगू की मला ती चूक वाटते.’”

“मला सांगायचंस,” व्हर्ना म्हणाली. “एकेचाळीस वर्षं तुझ्याशेजारी बसले. माझ्याकडून का लपवलंस?”

त्याने पुन्हा टाइप केलं. ‘तू माझ्यासाठी गोठा वाचवायला लढत होतीस.’

“आणि गाव मला विकली गेली म्हणतंय. डायनरमध्ये माझ्याजवळ कोणी बसत नाही. ठाऊक आहे तुला?”

लोरेनची मान झटक्याने वर आली. ते त्याला ठाऊक नव्हतं, हे सगळ्यांना एकदम दिसलं. आर्लो मागच्या मागे भिंतीला टेकला.

“मी पुसत होतो,” तो पुटपुटला. “तिच्यावरचं सगळं मी पुसत होतो, लोरेन. तू तिथे वाचतोयस आणि तुलाच काही कळत नाहीये, हे मला काय माहीत.”

लोरेनने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. बोट पुन्हा फिरू लागलं. यावेळी त्याने घाई केली, दोनदा चुकलं, दोनदा खोडलं. चाहत्यांच्या पानावर त्या दुपारी नवी नोंद आली. ‘मी लोरेन स्टोल्ट्झ. हे सगळं मी लिहिलं. व्हर्नाला माहीत नव्हतं. तिची माफी मागा.’

वेंडेलने टोपी काढली आणि कोणाशी न बोलता बाहेर गेला. संध्याकाळी त्याच्या दारावर ते पत्रक नव्हतं.

मंगळवारी परिषदेच्या सभागृहात लोरेनची खुर्ची व्हर्नाने स्वतः ढकलत आणली. डायनरमधली ती बाई उठून तिच्याशी काहीतरी बोलली. व्हर्नाने ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढे गेली. आर्लोने गोठ्याच्या बाजूने भाषण केलं, एक शब्द मवाळ केला नाही. तो बसला तेव्हा लोरेनने डाव्या हाताने मांडीवर टाळी दिली. चार विरुद्ध तीन मतांनी नवं स्टेडियम मंजूर झालं. आर्लो खाली मान घालून निघाला, पण दार त्याने लोरेनची खुर्ची बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.

मर्लने व्हर्नाला गाडीपर्यंत सोडलं. काहीतरी बरं बोलावं म्हणून त्याने विचारलं, “आता तिथेही सातवी रांगच घेणार?”

“एकेचाळीस वर्षं त्याने ठरवलं कुठे बसायचं ते,” व्हर्ना म्हणाली. “आता मी ठरवणार.”