चढाई जिथून सुरू झाली

स्टेडियमच्या बोगद्यात दोघांची टक्कर झाली आणि त्याच्या हातातली कॉफी तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडली.

"सॉरी... पण चूक तुमची," तो हसून म्हणाला. तिने वर पाहिलं आणि त्याला लगेच ओळखलं.

हाच तो पंच. फुटबॉलचा अख्खा हंगाम ती व्हिडिओ पंच म्हणून दूरच्या एका खोलीत बसून त्याचे सामने पडद्यावर तपासत आली होती. त्याचा माइक सतत चालू, त्यामुळे त्याचं सगळं तिच्या कानात – धापा, खेळाडूंना दिलेल्या कानपिचक्या, पाणी पिताना गुणगुणलेलं एकच अर्धवट गाणं. तिचा आवाज मात्र ती बटण दाबेल तेव्हाच त्याला ऐकू जायचा. अंतिम सामना म्हणून आज पहिल्यांदा तिला स्टेडियममध्येच खोली मिळाली होती.

"चूक कुणाची ते तपासावं लागेल," एवढं बोलून ती सटकली.

सामन्याची दहा मिनिटं उरली असताना गोल झाला. त्याने तो दिला, लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. गोल झाला की चढाई जिथून सुरू झाली तिथपर्यंत मागे जाऊन बघायचं, हा तिच्या कामाचा नियम. शेजारी बसून रिप्ले फिरवणारे काका मागे मागे गेले. तीन पास आधी चढाई करणाऱ्याने बचावपटूला पाठीत ढकलून चेंडू काढून घेतला होता. पंचाला ते दिसलंच नव्हतं.

त्याचा हा पहिला अंतिम सामना. एवढ्या लोकांसमोर दिलेला गोल मागे घ्यायला लावणारी मुलगी त्याला कशी आवडेल? तिचं बोट बटणावर अडलं.

"दाब पोरी," काका हळूच म्हणाले. "खरं ते सांगून टाक."

तिने दाबलं. "गोल तपासा... चढाईत ढकललंय."

 मग तो मैदानाच्या कडेला असलेल्या पडद्यापाशी धावला, त्याने नीट पाहिलं आणि गोल रद्द केला. लोकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. तिला ऐकवेना.

सामना संपल्यावर दार वाजलं. घामाने निथळत तो उभा होता.

"वाचवलंत मला," तो म्हणाला. "आता सामन्याआधीची आपली टक्कर तपासा. बोगद्यातही कॅमेरा आहे."

काकांनी ती लगेच लावलीसुद्धा. पडद्यावर दोघं आदळले, कॉफी सांडली. दोष दोघांचाही वाटत होता.

"अजून मागे. नियम तुमचाच आहे."

मागे... तो पाठमोरा, मैदानाकडे निघालेला. पलीकडे ती पहारेकऱ्याला खोलीचा रस्ता विचारते आहे. तो थबकतो. वळतो. आणि कॉफी हिंदकळतेय याचं भान न ठेवता भराभर तिच्याकडेच येतो.

"चेहरा माहीत नव्हता," तो म्हणाला. "पण हा आवाज... वर्षभर याचीच वाट बघायचो. तुम्ही बोलावं म्हणून एखादी चूक व्हावी असंही वाटायचं."

"म्हणजे फाउल तुमचाच. आणि मुद्दाम."

"मुद्दाम. मला तुम्ही आवडता."

काकांना एकदम बाहेर काहीतरी काम आठवलं. ती सदऱ्यावरच्या डागाकडे बघून हसली.

"पाणी पिताना गुणगुणता त्या गाण्याचं पुढचं कडवं तुम्हाला येत नाही ना?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तेही ऐकू यायचं?"

"प्रत्येक सामन्यात," ती म्हणाली, आणि पुढचं कडवं तिने स्वतःच गुणगुणायला घेतलं.