घरातली सगळ्यात ऊबदार वस्तू

लांबून मला वाटलं, आईच येते आहे.

जर्दाळूच्या झाडांमागून तिचा हिरवा मखमली चापान, तो लांब पायघोळ अंगरखा, हलत हलत येत होता. काठाला लाल भरतकाम, आत उंटाच्या लोकरीचं अस्तर. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी मी पिशवी रस्त्यातच खाली ठेवली. मग चापान कोपऱ्यावरून वळला आणि त्याखाली चार काटकुळे पाय दिसले.

आमचा सेरेक. बाबांचा शिकारी कुत्रा, तायगान जातीचा. वय चौदा, एका डोळ्यात मोतीबिंदू, कानांनी ठार बहिरा, तोंडात मोजून तीन दात. चापानच्या बाह्या कापून टाकल्या होत्या आणि पट्टा त्याच्या पोटाखाली बांधला होता. मागून रबरी बूट घातलेला एक माणूस आला, त्याने सेरेकला धरून थांबवलं, शेपूट वर केली आणि थर्मामीटर घातला.

"हा चापान याला कुणी दिला?" मी ओरडले.

"ज्यानं घातलाय त्याला विचारा," तो मान वर न करता म्हणाला. "फक्त जरा थांबा. आत्ता तो बोलायच्या मनःस्थितीत नाही."

तो कुबात. दोन गावांपलीकडचा गुरांचा डॉक्टर. आमची ओळख अशी झाली. नजरानजर वगैरे काही नाही... मी ओरडत होते आणि तो थर्मामीटर वाचत होता.

"अडतीस पूर्णांक सहा दशांश," तो म्हणाला. "याचं ठीक आहे. तुमचा घेऊ का?"

मी पिशवी उचलून घरात गेले.

बाबा चुलीपाशी बसून मांस चावत होते. चावून झालं की ते तळहातावर काढत आणि वाडग्यात ठेवत. सेरेकसाठी. शंभर वेळा पाहिलेलं दृश्य. मला त्या दिवशी ते बघवेना.

"बाबा, तो आईचा चापान होता."

"होता."

"ती गेली त्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे तो मागितला होता. तुम्ही म्हणालात, पेटीत राहू दे, आईची वस्तू आहे."

त्यांनी घास काढून वाडग्यात ठेवला. "त्याला थंडी वाजते, पोरी."

माझ्या ओठांवर एक वाक्य आलं. मी ते गिळलं आणि दार आपटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा ओतला होता, तो तसाच ठेवून मी बिश्केकची पहिली मिनीबस पकडली. इस्सिक-कुल सरोवर संपेपर्यंत रागाने काचेबाहेर पाहत होते. सरोवर संपलं तिथे फोन आला. बाबा गोठ्यात पडले होते. सेरेक त्यांच्या पायांपाशी बसला होता.

त्याच रस्त्याने परत आले.

आमच्याकडे बाप गेला की लेक भिंतीकडे तोंड करून बसते आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी सूर लावून विलाप करते. बाप कसा होता, काय सांगायचं राहून गेलं, ते सगळं त्या गाण्यात येतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि तीन दिवस तोंड उघडलं नाही. बायका माझ्या पाठीवर हात ठेवून आमच्याकडचं सांत्वन म्हणत, "घट्ट राहा." माझ्याइतकं घट्ट तिथे कुणीच नव्हतं. कानिम आत्या, बाबांची बहीण, माझ्या वाटचंही रडत होती आणि मधूनच मला कोपर मारत होती. "दगड आहेस का गं? लोक काय म्हणतील?"

तिसऱ्या दिवशी मी पाणी आणायला बाहेर आले, तेव्हा कुबात कुंपणापाशी उभा होता. तो घट्ट राहा म्हणाला नाही. म्हणाला, "कुत्र्याला कुणी खायला घातलंय का?"

मी बादली तिथेच ठेवली. इतका राग आला की... कारण कुणीच घातलं नव्हतं.

"बाकीत त्याला ओढ्याकडे घेऊन जाईल," आत्या मागून म्हणाली. बाकीत म्हणजे तिचा मुलगा. त्याच्याकडे बंदूक होती. "कुत्रा म्हातारा झालाय. सुटेल बिचारा."

"कुणी हात लावायचा नाही त्याला," मी म्हणाले. "चाळिसाव्या दिवसाच्या जेवणापर्यंत मी इथे आहे."

"एवढा जीव आहे तुझा त्याच्यावर?"

"जीव नाही. राग आहे. तो मला अजून काढायचाय."

कुबात वळून खोकला. तो हसला होता हे मला नंतर कळलं.

मी मांस यंत्रातून बारीक करून आणलं. सेरेकने हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुधात पाव भिजवला, तोही नाही. चौथ्या दिवशी त्याच्या बरगड्या चापानमधून हाताला लागायला लागल्या, तेव्हा मी गोठ्याच्या पायरीवर बसले, मांसाचा तुकडा तोंडात घातला आणि शिव्या देत चावला. बाबांना, कुत्र्याला, आत्याला, सगळ्यांना. तळहातावर काढून पुढे धरला. त्याने खाल्ला.

"कसं लागलं?" फाटकातून कुबातचा आवाज.

"मीठ कमी आहे."

"उद्या मी आणतो."

आणि खरंच आणलं. खिशातून, कागदाच्या पुडीत. सेरेकच्या सांध्यांना इंजेक्शन लागायचं, त्यासाठी तो येई. सुई टोचताना मी कुत्र्याचं डोकं मांडीवर धरायची, आणि कुबातच्या हातांना औषधाचा आणि ओल्या मेंढ्यांचा वास यायचा. तो वास मला आवडत नव्हता. त्याला यायला उशीर झाला की मात्र फाटकाकडे लक्ष जायचं, आणि त्याचाही मला राग यायचा.

एकदा चापानचा पट्टा उसवला. मी शिवायला घेतला, तर त्याने सुई हातातून काढून घेतली.

"हे काय शिवणं आहे? गायीचं पोट असं शिवलं असतं तर गावाने मला हाकलून दिलं असतं."

"मग शिवा तुम्हीच."

त्याने शिवला. बारीक, सरळ, पक्का टाका. शिवता शिवता म्हणाला, "कात्री मीच धरली होती... ज्या दिवशी तुमच्या बाबांनी हा कापला. त्यांच्या हातून मखमल कापली जाईना. मी म्हटलं, काका, जुनी घोंगडी घ्या ना. ते म्हणाले, नाही, घरात सगळ्यात ऊबदार हाच आहे."

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"काय?"

"की हाच सगळ्यात ऊबदार आहे."

बाबांची बाजू घेऊन काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते, भांडायला तयार होते. त्याने मात्र दाताने दोरा तोडला आणि उठला.

अडतिसाव्या दिवशी तो जाताना फाटकाशी थांबला.

"जिपारा, एक सांगू? इंजेक्शन दर तिसऱ्या दिवशी लागतं."

"मग?"

"मी रोज येतो."

"माहितीये," मी म्हणाले. "सुया मीच फेकते."

त्याचे कान लाल झाले. मलाही कुठे बघावं कळेना, म्हणून मी कुत्र्याकडे बघितलं. तो झोपला होता.

"परवा चाळिसावा," कुबात म्हणाला. "मग तू बिश्केकला जाशील." तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"चौथ्या मजल्यावरचं घर आहे. त्याला जिना चढवणार नाही."

"त्याला मी ठेवतो. पण मी फक्त त्याच्याबद्दल विचारत नव्हतो."

"कळलं," मी म्हणाले, आणि आत गेले. उत्तरं गिळायची सवय जुनी होती.

चाळिसाव्याला सकाळपासून गारठा होता. घोडा कापला होता, मोठ्या कढया चढल्या होत्या, पन्नास माणसं येऊन बसली होती. आत्याने माझ्या कानात सांगितलं, "आज शेवटचं. आज तरी तोंड उघड." मी भिंतीकडे तोंड करून बसले. बायकांनी सूर लावला. मला तो धरता येईना. मी उठले आणि सगळ्यांदेखत बाहेर निघून गेले.

बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता. सेरेक अंगणात उघडा उभा होता. चापान कुंपणावर लोंबत होता. पाहुण्यांसमोर मेलेल्या बाईचे कपडे कुत्र्याच्या अंगावर नकोत, म्हणून आत्याने तो काढायला लावला होता. बाकीत दोरी घेऊन त्याच्याकडे येत होता. "ताई, जेवणाआधी उरकतो," तो म्हणाला.

"दोरी ठेव खाली."

"अगं, पण आईच म्हणाली..."

"ठेव म्हटलं ना! कुत्रा माझा आहे."

त्याने ठेवली. सेरेकचे मागचे पाय लटलटत होते. पुरुषांच्या रांगेतून कुबात पळत आला, अंगातला कोट काढला आणि कुत्र्यावर टाकला. गुडघे टेकून बटणं लावता लावता म्हणाला, "त्याला थंडी वाजते..."

"मलाही वाजते!"

आवाज माझा होता. कढईपाशी ढवळणारा माणूस थांबला. कुबातची बोटं बटणावर थांबली. त्याने वर पाहिलं. मग उठून कुंपणाकडे गेला, हिरवा चापान झटकला आणि माझ्या खांद्यावर घातला. अर्धा भिजलेला, बाह्या नसलेला, कुत्र्याचे केस चिकटलेला, कुत्र्याच्याच वासाचा. पट्ट्यावर कुबातचा बारीक टाका होता.

"तुझी बस चुकेल," तो हळूच म्हणाला.

"चुकू दे. उद्याचीही चुकू दे."

आतून आत्या धावत आली. नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर होतं. 'लोक काय म्हणतील' म्हणणार, तेवढ्यात कुबातने हात वर करून तिला थांबवलं. "नको आत्या. बोलू दे तिला."

मी गोठ्याच्या भिंतीकडे तोंड केलं. सेरेक येऊन माझ्या पायांना टेकला. सूर बेसूर लागला, पण लागला, आणि मी आतल्या बायकांना, अंगणातल्या पुरुषांना, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले:

"बाबा, मलाही थंडी वाजत होती. आई गेली त्या दिवसापासून वाजत होती. तुम्ही विचारलं नाहीत... आणि मी सांगितलं नाही, बाबा, मी सांगितलंच नाही."