सीलबंद बाटलीतलं तेल

हे खरं घडलं आहे. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. न मोजलेलं मी लिहीत नाही.

रात्र नव्हती. कुंभकोणमची भर दुपार होती. गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार, तीन वाजून दहा मिनिटं.

आमच्या प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्याच्या नमुन्यांची पेटी आली होती. नागपट्टणमच्या बाहेर बुडालेलं एक जहाज कापून काढायचं होतं. त्याच्या पुढच्या आणि मागच्या, अशा दोन टाक्यांत काळं तेल. कापण्याआधी ते उपसायचं, असा नियम. कापणारी कंपनी म्हणत होती, उपसून झालं. आसपासचं पाणी स्वच्छ निघालं की तिला परवानगी.

किनाऱ्यावर तेव्हा कासवं अंडी घालत होती.

हे नमुने आधी हरिकृष्ण आणायचा. माझा आत्तेभाऊ. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. त्याच्या प्रत्येक बाटलीत तेल निघायचं. जानेवारीत वाऱ्याचा इशारा असताना कंपनीने त्याला समुद्रात पाठवलं.

तो तिसऱ्या दिवशी सापडला.

त्याने लाइफ जॅकेट घातलं नव्हतं, असं कंपनीने लिहिलं. जॅकेट त्याने तीनदा मागितलं होतं. ती पत्रं माझ्याकडे आहेत.

आता बाटल्या कंपनीचीच माणसं भरून आणत होती. अकरा तपासल्या. अकराही स्वच्छ.

बारावी होती ब्लँक. म्हणजे शुद्ध पाण्याची बाटली. ती मी इथे भरते, सील करते. न उघडता ती समुद्रावर जाऊन परत येते. तिच्यात काही सापडलं, तर पेटीतले सगळे नमुने बाद.

अण्णाने मला शिकवलं होतं, "बाकीच्या बाटल्या कुणीही कुठूनही भरून आणेल गे. ब्लँक तुझी. ती नीट बघ."

मी बघितली.

सील शाबूत. त्यावर माझीच सही. आणि आत...

काळं तेल. बोटभर थर.

वजन केलं. भरून पाठवली तेव्हाच्या वजनात एका ग्रॅमचाही फरक नाही.

मग बाटलीची मान दिसली. तिला लाल रेशमाचा धागा बांधलेला होता. दारासुरमला अण्णाच्या घराशेजारी रेशमाचे माग आहेत. तिथले टाकाऊ धागे आणून तो आपल्या बाटल्यांना बांधायचा.

हा मी बांधला नव्हता.

धागा ओला होता. त्याला समुद्राचा वास येत होता.

आमचे प्रमुख विष्णुवर्धन सर तमिळमध्ये ओरडले. म्हणे, तुझेच हात घाणेरडे असतील, ते धुऊन स्वच्छ अहवालावर सही कर.

"नियमाने अकराही बाद, सर."

"मेलेल्या माणसासाठी नियम काढतेस?"

त्यांनी बाटली हिसकावली. धाग्याला बोट लागलं. त्यांनी ते हुंगलं...

आणि 'नमुने बाद' या शेऱ्याखाली सही केली.

मला वाटलं, आम्ही जिंकलो.

नऊ दिवसांत कंपनीने दुसऱ्या प्रयोगशाळेकडून स्वच्छ अहवाल आणला. पुढची टाकी तेलासकट कापली. किनारा काळा झाला. मेलेली कासवं मी स्वतः मोजली. एकवीस. वर्तमानपत्रात एक ओळ नाही.

किनारा काळा झाला त्याच संध्याकाळी माझ्या कपाटातली ती बाटली...

नितळ झाली.

सील तसंच. वजन तेच. धागा मात्र अजून ओला आहे. उन्हात ठेवला, ओव्हनमध्ये ठेवला. सुकत नाही.

मागची टाकी सोमवारी कापणार आहेत. मी सगळीकडे लिहिलं. एकाही माणसाने उत्तर दिलेलं नाही.

आज सकाळी कपाट उघडलं.

बाटलीत पुन्हा एक काळी रेघ आली आहे.