बावर्चीखान्यातला वास

सुलभा इंदिरा नगरमधल्या एका शाळेत इतिहास शिकवायची, तीही कंत्राटावर, सलग तिसरं वर्ष. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. नवरा शरद रेल्वेत इंजिनिअर, त्याच्या बदलीबरोबर ती लखनऊला आलेली. फेब्रुवारीत प्रिन्सिपल मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, की एक धडा संपूर्ण डिजिटल करून द्या. संस्थेच्या अठराही शाळांनी तो घेतला तर एप्रिलपासून तुम्ही कायम. नाही घेतला तर काय, हे त्या बोलल्या नाहीत. या शहरात असलं कोणी तोंडावर बोलत नाही.

सुलभानं विषय घेतला नवाबी काळातला स्वयंपाक. जुन्या शहरात, चौक भागात, एका नवाबाची हवेलीवजा कोठी होती. तिचं बाकी सगळं पडलेलं, बावर्चीखाना, म्हणजे मुदपाकखाना, तेवढा शाबूत. रविवारी सकाळी पंधरा वर्षांच्या लेकीला, रुचाला, घेऊन ती तिथं गेली. रखवालदारानं कुलूप काढलं. झाडून लख्ख केलेली फरशी, काजळीनं मखमली झालेल्या कमानी, जाळीतून चाळून पडलेलं पिठासारखं ऊन. मधोमध चुलाणात बसवलेली तांब्याची देग. एवढी मोठी, की आत माणूस मांडी घालून बसावा. रिकामी होती. तळाशी कबुतराचं पीससुद्धा नव्हतं. वास कसलाच नव्हता. स्टँडवर मोबाइल फिरवत मायलेकींनी चहूबाजूंचे फोटो घेतले आणि घरी आल्या.

दुपारी गोधडीला तुकडे जोडावेत तसे सुलभानं ते फोटो लॅपटॉपवर एकमेकांना जोडले. बोटानं सरकवत गेलं की वर्गात बसल्या जागी मुलं त्या खोलीत हिंडून येतील, असं सलग चित्र तयार झालं. खाली प्रश्नोत्तरांची चौकट. आपल्याच कामावर ती खूश झाली. देग मोठी करून बघावी म्हणून तिनं बोट तिकडे नेलं, आणि वास आला.

आधी वाटलं, शेजारी कोणीतरी खवट तुपात काही तळतंय. मग तो तुपाचा राहिला नाही. जुनी चरबी, दिवसेंदिवस न वाळलेलं फडकं, आणि त्या सगळ्याच्या बुडाशी काहीतरी गोडसर. दाढेत अडकून कुजलेल्या कणाचा असतो तसा गोड. तिनं फ्रीज ओढून मागे पाहिलं, मोरीत फिनेल ओतलं, ओट्याखालचे डबे उपसले. लॅपटॉप मिटला तेव्हा वास गेला.

रुचा नाक दाबून दारात उभी होती. "छी. आई, तेरे लैपटॉप से आ रही है."

शरदचं म्हणणं पडलं की बॅटरी फुगली असणार. दुसऱ्याच दिवशी त्यानं हज़रतगंजमधून नवी आणून बसवली. नव्या बॅटरीवरही वास तोच होता.

मंगळवारी तिनं वर्गात मोठ्या डिजिटल फळ्यावर धडा लावला. चाळीस मुलांनी एकेक करत रुमाल काढले. मागच्या बाकावरून निदान झालं की एसीत उंदीर मेलाय, दुसऱ्यानं सुचवलं की मैमच्या डब्यात बघा. सुलभानं दुर्लक्ष करून चित्र सरकवलं. बोट फळ्यावरून गुळगुळीत घसरलं. तिनं ते पदराला पुसलं. पदरावर पिवळट डाग उमटला. मग तिची नजर देगेवर गेली. तळाशी पांढरा थर होता, थंड झालेल्या रश्श्यावर गोठतो तसा. फोटो तिनं स्वतः काढला होता. देग रिकामी होती.

गोंधळात तिच्या तोंडून तिची ती साताऱ्याची हिंदी निघाली. "ये किसका वास है?"

वर्ग खो खो हसला. पहिल्या बाकावरची दीप्ती तेवढी अदबीनं उभी राहिली. "मैम, वास मतलब तो रहना होता है. जैसे मंदिर में देवता का वास."

एवढं बोलून ती खाली बसली आणि वहीवरच ओकली.

शिक्षकाचं बोलणं तो फळा आपोआप लिहून घ्यायचा. सुलभानं विचारलेला प्रश्न चित्राखालच्या चौकटीत जाऊन बसला होता: ये किसका वास है?

दुपारी त्याखाली उत्तर आलं. "हमारा."

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. इथे माणूस एकटा असला तरी स्वतःला 'हम' म्हणतो. त्यामुळे तो एक की अनेक, तेही कळेना. कुणा कार्ट्याची थट्टा असेल म्हणून ती कॉम्प्युटरच्या अनिकेत सरांकडे गेली. त्यांनी श्वास रोखून नोंदी तपासल्या आणि सांगितलं की तुमच्याशिवाय हा धडा अजून कोणी उघडलेलाच नाही.

गुरुवारी देग अर्धी भरलेली होती.

शुक्रवारी काठोकाठ. वर जाड पिवळसर साय धरली होती, आणि तान्ह्या बाळाची टाळू धपापते तशी ती मधोमध अगदी हळू वरखाली होत होती.

शरदनं सकाळीच सांगितलं होतं, की अगं पुसून टाक तो धडा, घर भिकेला लागत नाही त्यावाचून. दीप्ती मंगळवारपासून शाळेत आलेली नव्हती. धडा द्यायची मुदत त्या दिवशी चारपर्यंत होती. पावणेचारला सुलभानं 'डिलीट'वर बाण नेला आणि तसाच धरून बसली. अठरा शाळा, वर्गात चाळीस-चाळीस पोरं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग एप्रिल आला डोळ्यांपुढे. तिला स्वतःची किळस आली, तरी बाण बाजूला झाला.

तिनं मनाची समजूत घातली की चूक शब्दाची आहे. आपण मराठीतलं हिंदीत नेलं. शिक्षकानं चूक दुरुस्त करावी, एवढंच.

'वास' खोडून तिनं नीट लिहिलं: ये किसकी गंध है?

खालच्या उत्तरानंही आपला शब्द बदलला.

"आपकी."

पाच मिनिटं उरली होती. तिनं धडा पाठवून दिला.

त्या क्षणी वास गेला. पुन्हा आला नाही.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी कायम झाल्याचं पत्र मिळालं. धडा अठराही शाळांत त्याच दिवशी लागला होता. प्रिन्सिपल मॅडमनी टेबलापलीकडून हात पूर्ण लांब करून पाकीट दिलं, ओढणी नाकाशी धरून फार गोड शब्दांत अभिनंदन केलं. परतीच्या ई-रिक्षात शेजारच्या दोघी मध्येच उतरल्या. त्यांचं घर आलं असेल असं सुलभाला वाटलं.

घरी येऊन तिनं आंघोळ केली, देवापुढे पत्र ठेवलं आणि ओल्या केसांनीच रुचाला दाखवायला नेलं. रुचानं वाचलं. हसली. मग खुर्चीसकट खिडकीकडे सरकली.

"आई," ती अगदी हलकेच म्हणाली, आईला लागू नये म्हणून, "तू आज नहाई नहीं क्या?"

सुलभानं आपला हात नाकाशी नेला. तिला कसलाच वास येईना. मनगटापासून कोपरापर्यंत आंघोळीचं पाणी अजून तसंच होतं, कमळाच्या पानावर राहतं तसं, सुटंसुटं, टपोरं. एकही थेंब कातडीला लागलेला नव्हता.